अनाथांचा शिक्षक पेस्टालॉझी

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो : किती टक्के मिळाले ? हा प्रश्न वावगा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या पित्यानें पोटाला चिमटा घेऊन मुलाची फी भरली, त्यास तो विचारण्याचा अधिकार आहे. आणि परीक्षेंत नापास होणें ही कांहीं थोरपणाची खूण नव्हे. परंतु त्या दिवशीं दुसरा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. दहा-बारा वर्षें शाळेंत घालविल्यावर हें मूल माणूस म्हणून कसें झालें ? हा दुसरा प्रश्न ज्यानें जन्मभर उराशीं धरला, आणि त्यापायीं घरदार, पैसा, लौकिक सारें पणास लावून पुष्कळदां गमावलें, अशा एका स्विस शिक्षकाची हकीकत आम्ही यंदां आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडीत आहों. त्याचें नांव योहान हाइनरिख पेस्टालॉझी.

झुरिच शहरीं १२ जानेवारी १७४६ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप शस्त्रवैद्य होता. मुलगा पांच वर्षांचा असतांनाच तो वारला. मरणसमयीं त्यानें घरांतील मोलकरणीला जवळ बोलावून, आपल्या बायकोमुलांना सोडून जाऊं नकोस, अशी विनवणी केली. त्या मुलीचें नांव बाबेली. तिनें दिलेला शब्द अखेरपर्यंत पाळला. घरांत पैशाची इतकी ओढ होती कीं, भाजी घ्यावयाची तर ती बाजारांत तीन-तीन चार-चार खेपा घाली, आणि बाजारकरणी घरीं जाण्याच्या घाईंत असतील तो क्षण गांठून स्वस्तांत भाजी आणी. कपडे व जोडे झिजूं नयेत म्हणून मुलांना ती उगाच बाहेर खेळूं देत नसे. पुढें पेस्टालॉझींनीं शिक्षणावर जें कांहीं लिहिलें त्यांत घर आणि आई हे शब्द पुन्हां पुन्हां येतात. त्यांचें मूळ आम्हांस या एका मोलकरणीच्या निष्ठेंत दिसतें.

शाळेंत हाइनरिख मोठा विचित्र विद्यार्थी होता. विषय चटकन समजे. पण अक्षर गचाळ, शुद्धलेखनाचा पत्ता नाहीं, आणि उत्तम उत्तराच्या शेजारींच एखादी अक्षम्य चूक. सोबत्यांनीं त्याला वेडगांवचा रहिवासी ठरवून त्या अर्थाचें एक टोपणनांवही दिलें होतें. १७५५ सालीं भूकंपाचा धक्का बसला तेव्हां शिक्षक व विद्यार्थी एकमेकांच्या अंगावरून जिन्यानें खालीं धांवले. वर राहिलेलीं पुस्तकें व टोप्या आणावयास कोणी धजेना. तेव्हां सर्वांनीं या भोळ्या मुलाला वर पाठविलें, आणि तो निमूटपणें गेला. ही गोष्ट म्हातारपणीं त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे.

त्याचे आजोबा झुरिचजवळच्या एका खेड्यांत पाळक होते. सुट्टींत हाइनरिख त्यांच्याकडे जाई, आणि ते आजारी व गरीब माणसांच्या समाचाराला निघाले कीं त्यांच्याबरोबर फिरे. शहरांत वाढलेल्या त्या मुलानें खेड्यांतील दारिद्र्य पहिल्यानें पाहिलें तें असें. त्यानें आधीं पाळक होण्याचा विचार केला, मग कायद्याचा अभ्यास केला. १७६२ सालीं निघालेल्या रूसोच्या ‘एमील’ या ग्रंथानें त्या काळच्या पुष्कळ तरुणांप्रमाणें त्यालाही वेड लावलें, आणि अखेर त्यानें शहर सोडून शेतीची वाट धरली. १७६९ सालीं आना शुल्थेस हिच्याशीं त्याचा विवाह झाला. ती त्याच्याहून आठ वर्षांनीं वडील व सधन व्यापाऱ्याची मुलगी होती. तिच्या आईबापांस हा जांवई पसंत नव्हता, आणि पुढें जें घडलें तें पाहतां त्यांस फारसा दोष देतां येत नाहीं.

बिर नांवाच्या गांवाजवळ पेस्टालॉझींनीं जमीन घेतली व तिला नॉयहोफ, म्हणजे नवी वाडी, असें नांव दिलें. शेती बुडाली. तेव्हां शहाण्या माणसानें हात आंखडता घेतला असता. यांनीं १७७४ सालीं आसपासचीं भीक मागणारीं मुलें घरांत आणून ठेविलीं. उन्हाळ्यांत शेतांत काम, हिवाळ्यांत सूत कातणें व विणणें, आणि हात चालूं असतांनाच तोंडानें वाचन व हिशेब. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च निघावा आणि त्यांना स्वाभिमानानें जगतां यावें असा त्यांचा हेतु होता. परंतु अंगावर नवे कपडे चढले कीं कित्येक आईबाप मुलाला परत घेऊन जात. हिशेबाच्या बाबतींत तर पेस्टालॉझी जन्माचे अनाडी. १७८० च्या सुमारास शाळा बंद पडली. पत्नीची संपत्तिही तींत गेली.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. याच काळांत त्यांनीं आपल्या एकुलत्या एका मुलाला रूसोच्या मतांप्रमाणें वाढविण्याचा प्रयोग केला होता, आणि तो मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला तरी त्याला नीट लिहितां-वाचतां येत नव्हतें. परीक्षेपलीकडच्या शिक्षणाविषयीं बोलणाऱ्यांनीं हें विसरूं नये. अक्षरज्ञानाकडे पाठ फिरविली म्हणजे मूल आपोआप माणूस होतें असें नाहीं, हें पेस्टालॉझी आपल्या पोटच्या पोरावरून शिकले, आणि त्याची किंमत त्या पोरानें दिली.

पुढें सुमारें अठरा वर्षें ते ग्रंथ लिहीत राहिले. १७८१ सालीं निघालेल्या ‘लीनहार्ड आणि गर्ट्रूड’ या कादंबरीनें त्यांचें नांव देशोदेशीं झालें. एक साधी खेडवळ आई आपलें घर सांवरते, मुलांना शिकविते, आणि तिच्या घरावरून सबंध गांव शहाणें होतें, असें तें कथानक आहे. १७९२ सालीं फ्रान्सनें त्यांस सन्मान्य नागरिक केलें. लोक कादंबरी आवडीनें वाचीत, पण शाळा मात्र त्यांच्या हातीं कोणी देईना.

ती संधि आली एका भयंकर प्रसंगानें. १७९८ सालीं फ्रेंच सैन्याच्या बळावर स्वित्झर्लंडांत नवी राज्यव्यवस्था स्थापन झाली. निडवाल्डन या डोंगरी प्रांतांतील लोकांनीं तिची शपथ घेण्याचें नाकारलें. ९ सप्टेंबर रोजीं फ्रेंच सैन्य त्यांच्यावर चालून गेलें. सुमारें चारशें माणसें मारलीं गेलीं, त्यांत बायका व मुलेंही होतीं. घरें जळलीं. शेंकडों मुलें पोरकीं वा निराधार झालीं. नव्या सरकारनें स्टान्स गांवीं अनाथालय काढण्याचें ठरविलें व तें काम पेस्टालॉझींस दिलें. त्या वेळीं ते बावन्न वर्षांचे होते. ज्या वयांत माणूस विश्रांतीचा विचार करूं लागतो, त्या वयांत त्यांना आपण शिक्षक झालों याचा लहान मुलासारखा आनंद झाला होता.

धर्मभगिनींच्या मठाचा एक भाग त्यांस मिळाला. इमारतीचें काम अर्धवट होतें, स्वयंपाकघर व निजावयाच्या खोल्या तयार नव्हत्या. १४ जानेवारी १७९९ रोजीं मुलें येऊं लागलीं, आणि थोड्याच आठवड्यांत ऐंशींच्या घरांत गेलीं. कोणाच्या अंगावर खरूज, कोणाच्या डोक्यांत उवा, कोणी हाडाचा नुसता सांपळा; कोणी भीक मागून निर्ढावलेलें, तर कोणी चांगल्या घरचें म्हणून इतरांना तुच्छ लेखणारें. मदतीला एक घरकाम करणारी बाई. दुसरा शिक्षक नाहीं, पुस्तकें नाहींत, उपकरणें नाहींत. त्यांत पेस्टालॉझी प्रॉटेस्टंट आणि गांव कट्टर रोमन कॅथॉलिक. शिवाय ज्या सरकारनें घरें जाळविलीं त्याच सरकारनें धाडलेला हा माणूस. आईबापांचा विश्वास बसावा तरी कसा ? नॉयहोफप्रमाणें येथेंही कपडे मिळतांच मुलाला घेऊन पळून जाणारे होते.

अशा ठिकाणीं दुसऱ्या कोणी आधीं नियम केले असते, वेळापत्रक टांगलें असतें. पेस्टालॉझींनीं तसें कांहींच केलें नाहीं. ते मुलांबरोबर जेवत, त्यांच्यांतच निजत, रात्रीं सर्वांच्या मागून आडवे होत आणि सकाळीं सर्वांच्या आधीं उठत. आजारी मुलाची घाण काढणारे हात तेच आणि अक्षर गिरविण्यास धरलेले हातही तेच. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधीं मुलाची भूक व थंडी भागली पाहिजे आणि आपल्यावर कोणाची तरी माया आहे असें त्यास वाटलें पाहिजे. मग त्याच्या हातून दुसऱ्याकरितां लहानसें कां होईना, चांगलें काम घडलें पाहिजे. सद्गुणांविषयींचें बोलणें त्यानंतर, आणि तेंही थोडेंच. आमच्या शाळांतून, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या घरांतूनही, हा क्रम बहुधा उलटा असतो. आम्ही बोलण्यापासून आरंभ करतों आणि पुष्कळदां बोलण्यावरच थांबतों.

अभ्यास होत नसे असें मात्र नव्हे. ऐंशीं मुलांना एकटा माणूस शिकविणार कसा, या अडचणींतूनच त्यांना युक्ति सुचली. ज्याला येतें त्यानें न येणाऱ्यास शिकवावें. थोरलें मूल दोन धाकट्यांच्या मध्यें बसून त्यांच्या गळ्यांत हात टाकून, आपणांस येत असलेलें त्यांना समजावून सांगे. सर्व मुलें त्यांच्यामागून एका सुरांत म्हणत, आणि लक्ष विचलित होऊं नये म्हणून म्हणतांना नजर आपल्या अंगठ्यावर ठेवावी लागे. अंगठ्याकडे पाहण्याची ही युक्ति हंसण्यासारखी वाटेल. पण ज्यांना क्षणभर स्थिर बसण्याची संवय नव्हती त्यांना आपल्या मनाचा लगाम आपल्या हातीं घेण्याचा तो पहिला धडा होता. कधीं कधीं ते मुलांना मारीतही. त्यांनीं हें लपविलें नाहीं. ज्याला आपली माया ठाऊक आहे त्या मुलाला तें लागत नाहीं असें त्यांनीं लिहिलें आहे. या एका बाबतींत आम्हांस त्यांचें म्हणणें मानवत नाहीं. माया असली तरी छडी ती छडीच.

एप्रिलमध्यें शेजारच्या प्रांतांतील आल्टडॉर्फ गांव जळून खाक झालें. बातमी येतांच पेस्टालॉझींनीं मुलांना भोंवतीं गोळा केलें. तेथील कदाचित् शंभरएक मुलें या क्षणीं अन्नवस्त्रावांचून उघड्यावर असतील. त्यांतील वीस मुलांना आपल्या घरांत घेण्याची विनंति सरकारास करावी काय, असें त्यांनीं विचारलें. मुलांनीं एकदम होकार दिला. पण पेस्टालॉझींनीं तो तसाच स्वीकारला नाहीं. घरांत पैसा थोडा आहे, सरकार अधिक देईलच असें नाहीं. तुमच्या ताटांतील अन्न कमी होईल, तुमचे कपडे वांटून घ्यावे लागतील, काम वाढेल. हें सारें मनापासून सोसण्याची तयारी असेल तरच हो म्हणा, असें त्यांनीं जितक्या कठोरपणें सांगतां येईल तितक्या कठोरपणें बजाविलें, आणि मुलांकडून तें पुन्हां वदवून घेतलें. मुलें ढळलीं नाहींत. तीन महिन्यांपूर्वीं भाकरीच्या तुकड्यासाठीं एकमेकांवर तुटून पडण्याजोगी ज्यांची स्थिति होती तीं हीं मुलें.

आम्हांस विचाराल तर स्टान्सच्या शाळेची वार्षिक परीक्षा हीच. तिला गुणपत्रिका नव्हती. ८ जून १७९९ रोजीं लढाईच्या धामधुमींत फ्रेंचांनीं ती इमारत लष्करी इस्पितळासाठीं घेतली, आणि बहुतेक मुलांना थोडे कपडे व थोडे पैसे देऊन निरोप द्यावा लागला. शाळा पुरते पांच महिनेही चालली नव्हती. पेस्टालॉझी रक्त ओकण्याइतके थकले होते. लोक म्हणाले असतील कीं, नॉयहोफचा गडी स्टान्सलाही बुडाला.

विश्रांतीनंतर ते बुर्गडॉर्फ गांवीं गेले. तेथील गरिबांच्या एका शाळेंत चांभारकाम करणारा एक मास्तर शिकवीत असे. त्याच्या वर्गाचा एक भाग पेस्टालॉझींस मिळाला. खोलीच्या भिंतीवरचा कागद जुना व फाटका होता. त्यांनीं मुलांना त्या कागदाकडेच पाहावयास लावलें. भोंक कोठें आहे, केवढें आहे, लांबट कीं वाटोळें, त्यामागें काय दिसतें, हें मुलांनीं पाहावें, आणि पाहिलें तेवढेंच अचूक शब्दांत सांगावें. आधीं वस्तु, मग तिचें नांव, मग विचार. आमच्या अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत वस्तुपाठ म्हणून जो शब्द आला त्याचा एक उगम या फाटक्या कागदाशीं आहे. त्या मास्तराला व आईबापांना हें रुचलें नाहीं. मुलांना धर्मप्रश्नोत्तरी पाठ येते कीं नाहीं, इतकेंच त्यांस पाहावयाचें होतें. प्रयोग करावयाचा तर या माणसानें दुसऱ्यांच्या मुलांवर करावा. पेस्टालॉझींस त्या शाळेंतून निघावें लागलें. त्या आईबापांस आम्ही हंसत नाहीं. आपल्या मुलाचें वर्ष फुकट जाईल ही भीति सर्व काळीं सारखीच असते.

मग लहान मुलांच्या दुसऱ्या एका शाळेंत त्यांस जागा मिळाली, आणि मार्च १८०० मध्यें गांवच्या शाळासमितीनें त्यांच्या मुलांची परीक्षा घेतली. पांच ते आठ वर्षांच्या त्या मुलांची वाचनांत, अंकांत व रेखनांत झालेली प्रगति पाहून समितीनें त्यांस प्रशंसेचें पत्र दिलें. याचा त्यांना फार आनंद झाला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. ज्या शिक्षकाचें लक्ष परीक्षेवर नव्हतें त्याचीं मुलें परीक्षेंत उतरलीं. आणि ज्याला परीक्षेची मातब्बरी नव्हती असें लोक समजत, तो त्या पत्रानें हरखून गेला. त्या पत्रानें त्यांचा भाग्योदय झाला. गांवच्या किल्ल्यांत त्यांची संस्था उघडली, आणि १८०१ सालीं निघालेल्या ‘गर्ट्रूड आपल्या मुलांना कसें शिकविते’ या पुस्तकानें त्यांची पद्धति सर्वत्र पोंचविली. पुढें किल्ला सोडावा लागला, आणि १८०५ पासून संस्था इव्हर्डन येथील वाड्यांत स्थिरावली. ती वीस वर्षें चालली.

इव्हर्डनला निरनिराळ्या देशांचीं मुलें होतीं. एका मुलाची तुलना दुसऱ्याशीं न करतां त्याची त्याच्याशींच करावी, असें पेस्टालॉझींचें धोरण होतें. भूगोल शिकावयाचा तर मुलें जवळच्या ओढ्याच्या खोऱ्यांत हिंडत, तेथून माती आणीत, आणि टेबलावर त्या खोऱ्याचा उठावाचा नकाशा घडवीत. कागदावरचा नकाशा त्यानंतर. प्रसिद्ध जर्मन भूगोलवेत्ता कार्ल रिटर हें सारें पाहून गेला होता. पेस्टालॉझींस प्राथमिक शाळेंतील मुलाइतकाही भूगोल येत नव्हता, तरी तो विषय कसा पाहावा हें आपण त्यांच्याचकडे शिकलों, असें त्यानें कबूल केलें आहे. बालोद्यान-पद्धतीचा जनक फ्रोबेल १८०८ ते १८१० या काळांत येथेंच होता. नेपोलियनकडून पराभव पावलेल्या प्रशियानें राष्ट्र पुन्हां उभारण्यासाठीं आपले तरुण शिक्षक येथें शिकण्यास पाठविले.

आणि येथेंच आमच्या मतें या चरित्रांतील सर्वांत दुःखाचा भाग सुरू होतो. स्टान्सला शाळा पाहावयास कोणी येत नसे. इव्हर्डनला पाहुण्यांची रीघ लागली. राजे, सरदार, विद्वान्, प्रवासी. पाहुणा आला कीं गणितांतील तयार मुलें पुढें आणावयाचीं व त्यांच्याकडून तोंडीं हिशेब सोडवून घ्यावयाचे. हंगेरीचा एस्टरहाझी नांवाचा धनाढ्य सरदार आला तेव्हां पेस्टालॉझी सबंध घरांत धांवत सुटले, आणि उत्तम विद्यार्थ्यांना घेऊन लौकर या म्हणून एका शिक्षकास हांका मारूं लागले. त्या सरदाराच्या पदरीं हजारों वेठीचीं कुळें होतीं. तो खुष झाला तर त्यांच्यासाठीं शाळा काढील आणि त्यांना मुक्तही करील, अशी त्या भोळ्या म्हाताऱ्याला आशा होती. हेतु किती चांगला ! पण दाखविण्यासाठीं शिकविणें हें एकदां सुरू झालें कीं चांगला हेतुही त्यास आवरूं शकत नाहीं. जीं मुलें दाखविण्याजोगीं नव्हतीं तीं मागें राहूं लागलीं.

त्यांना हें कळत नव्हतें असें नाहीं. १८०८ च्या नववर्षदिनीं त्यांनीं सर्व मंडळींपुढें शवपेटी ठेवविली, आणि तिच्याशेजारीं उभे राहून भाषण केलें. बाहेर कीर्तीचा डंका वाजत असतां आंतून आपलें काम ढांसळत आहे, आणि त्यास आपलाच दुबळेपणा कारण आहे, असें त्यांनीं सांगितलें. मुलांना काय वाटलें असेल याची कल्पना करवत नाहीं. पुढच्या वर्षीं त्यांच्याच विनंतीवरून संस्थेची सरकारी तपासणी झाली. तपासनिसांत फादर जिरार हे कॅथॉलिक संन्यासी व स्वतः थोर शिक्षक होते. सिद्ध करतां येणार नाहीं असें कांहींही माझ्या मुलांनीं मानूं नये, दोन आणि दोन चार इतकें सर्व स्पष्ट असावें, असें पेस्टालॉझी त्यांच्याशीं बोलतांना एकदां म्हणून गेले. त्यावर जिरार यांनीं उत्तर दिलें कीं, मला तीस मुलगे असते तरी त्यांतील एकही मी तुमच्या हवालीं केला नसता. कारण मी त्याचा बाप आहें हें त्याला गणितासारखें सिद्ध करून दाखविणें तुम्हांला साधलें नसतें. आपण भलतेंच बोलून गेलों हें पेस्टालॉझींनीं तेथल्या तेथें मान्य केलें. गणिताच्या कौतुकांत बाबेलीचा धनी बाबेलीला विसरला होता. १८१० सालीं निघालेला अहवाल त्यांच्या मनासारखा नव्हता.

पुढचें थोडक्यांत सांगतों. हाताखालचे शिक्षक आपसांत भांडले, प्रकरणें न्यायालयांत गेलीं. पत्नी आना १८१५ सालीं वारली. १८१८ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, आपल्या समग्र ग्रंथांसाठीं जमणारी रक्कम त्यांनीं गरीब मुलांच्या शाळेस देऊन टाकली. ती शाळाही फार दिवस स्वतंत्रपणें टिकली नाहीं. १८२५ सालीं इव्हर्डन बंद करून ते नॉयहोफला परतले. तेथें लिहिलेल्या शेवटच्या ग्रंथांत त्यांनीं आपल्या चुका स्वतःच सांगितल्या.

१८२७ च्या फेब्रुवारींत, प्रकृति फार बिघडल्यावर, त्यांना बर्फावरील घसरगाडींत घालून जवळच्या ब्रुग गांवीं वैद्याकडे नेलें. तेथें १७ तारखेस त्यांचा अंत झाला. बिर गांवीं शाळेच्या भिंतीलगत त्यांस पुरलें. त्यांच्या जन्माला शंभर वर्षें झालीं तेव्हां, १८४६ सालीं, आरगाउ प्रांतानें तेथें नवी शाळा बांधली आणि तिच्याच दर्शनी भिंतीवर त्यांचें स्मारक केलें. त्यावर कोरलेल्या लेखांत नॉयहोफ, स्टान्स, बुर्गडॉर्फ, इव्हर्डन हीं नांवें क्रमानें आलीं आहेत. तेथील शाळा केव्हां बंद पडल्या हें त्यांत लिहिलेलें नाहीं.